पाण्याची चावी कुणाच्या कमरेला?



मागच्या शिबिरात मी कुंडलिकेवरच्या होड्यांचा विषय काढला तेव्हा आपलेच दोन-तीन कार्यकर्ते हसले. एक म्हणाला, "अरे, अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, गायरानाचा प्रश्न सुटत नाय, आणि तू रबरी होड्यांचं काय घेऊन बसलास? तो पैसेवाल्यांचा खेळ. आपला काय संबंध?" तिथं वेळ संपली होती. राहिलेलं उत्तर इथं देतो. हे उत्तर त्या हसणाऱ्या मित्रांना आहे. आणि त्यांच्याहून जास्त ते त्या मंडळींना आहे जी होडीतून उतरून ओल्या कपड्यांनी वडापाव खाताना सांगतात, की बघा, नदीवर सगळे सारखे, पाण्याला जात नसते.

मी पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकचा. एका कागदगिरणीत पाळीवर काम करतो. शाळा दहावीला सुटली. पुढचं शिक्षण गिरणीत येणाऱ्या रद्दीच्या ढिगावर झालं. लगद्याच्या हौदात जायच्या आधी जे हाताला लागलं ते वाचलं. जुनी गॅझेटं, फाटके अहवाल, इंग्रजी मासिकांची पानं डिक्शनरी घेऊन वाचली. त्यामुळे या नदीचा हिशेब मला तुकड्यातुकड्यांनी कळला. ते तुकडे जुळवून तुमच्यापुढं टाकतो. चूक वाटलं तर भांडा, पण आधी पुरतं वाचा.

आधी नदी समजून घ्या. एप्रिल-मे महिन्यात कोकणातल्या नद्यांचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. नुसते धोंडे राहतात. बाया डबक्यातलं पाणी वाटीवाटीनं भरतात. पण कोलाडच्या वर कुंडलिका भर उन्हाळ्यात फेस काढत धावते. ही देवाची करणी नाही. ते पाणी मुळात कोकणातलं नाहीच. सह्याद्रीच्या पलीकडं मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. मुळेचं पाणी खरं तर पुण्याकडं जायचं, तिथून भीमेला, भीमेतून कृष्णेला, आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. ते घाटमाथ्यावर अडवलं. बोगद्यातून आणि लोखंडी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला आणलं. तिथं टाटांच्या वीजघरात त्या धारेवर चक्रं फिरतात, वीज मुंबईला जाते, आणि काम संपलेलं पाणी इकडं कुंडलिकेच्या वाटेला लागतं. तेच पाणी अडवून सरकार पुढं रावळज्याला पुन्हा एकदा वीज काढतं, ८० मेगावॉटची. मग ते नदीत सुटतं. त्या सुटलेल्या पाण्यावर होड्या चालतात. त्याच्याखाली डोलवहाळचा बंधारा आहे, तिथून कालवे निघतात.

म्हणजे ही नदी घड्याळावर चालते. शहराला वीज हवी झाली की नदी जागी होते. चक्रं थांबली की नदी उतरते आणि तासाभरापूर्वी जिथं लोक किंचाळत होते तिथं धोंडे उघडे पडतात. गिरणीचा भोंगा आणि ही नदी यांचा मालक एकाच जातीचा आहे, मालक-जातीचा. कुणी कधी उठायचं ते तो ठरवतो.

सकाळी पाणी सुटलं की रावळज्याजवळ होड्या उतरतात. बारा-चौदा किलोमीटरचा प्रवास. रबरी होडीत आठ-दहा माणसं बसतात, तिला राफ्ट म्हणतात. कयाक वेगळी. ती एका माणसाची निमुळती होडी. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं. बसणाऱ्याच्या कमरेला रबरी घागरा असतो, तो होडीच्या तोंडावर ताणून बसवतात म्हणजे पाणी आत शिरत नाही. होडी उलटली तर माणूस डोकं खाली, पाय वर, धारेच्या पोटात. तेव्हा न घाबरता, वल्ह्याचा दाब आणि कमरेचा झटका देऊन परत सरळ व्हायचं. मोठ्या धोंड्यामागं पाणी उलटं फिरतं, तिथं एक संथ जागा तयार होते. शहाणा माणूस धारेतून त्या जागेत घुसतो, दम घेतो, पुढची वाट बघतो आणि पुन्हा धारेत जातो. ताकदीपेक्षा पाणी वाचता येणं महत्त्वाचं.

हे मला कसं माहीत? दोन पावसाळे गिरणीत बदली लागली नाही तेव्हा मी तिथं होड्या उचलायला गेलो. एका सीटचे पैसे म्हणजे माझी दोन-तीन दिवसांची मजुरी. मी ज्याच्याकडं होतो त्यानं पहिल्या दिवशी आडनाव विचारलं. मी सांगितलं, तरी समाधान झालं नाही. मग विचारलं, "गागोद्यात घर कुठल्या आळीला?" आपल्या मुलखात जात विचारायची ही सभ्य रीत आहे. आळी कळली आणि माझं काम ठरलं. होड्यांत हवा भरायची, टेम्पोत चढवायच्या, खाली नदीवर खांद्यावरून न्यायच्या, संध्याकाळी धुवायच्या. दुसरी पोरं, माझ्याएवढीच शिकलेली, महिनाभरात वल्हं धरायला शिकली, मग होडीत मागं बसून हुकूम द्यायला लागली. माझा खांदा मात्र खांदाच राहिला. जेवणाला पाहुण्यांसाठी गावात एका घरी सोय होती. तिथं मला पाणी मागितल्यावर ओंजळ पुढं करायला सांगितलं आणि वरून ओतलं. सकाळभर ज्या नदीत मी छातीएवढा उभा होतो त्या नदीला विटाळ झाला नव्हता. पितळेच्या तांब्याला होणार होता.

एका नेपाळी गाईडनं मात्र मला संध्याकाळी पाणी उतरताना कयाकमध्ये बसवलं. त्याला आळी माहीत नव्हती. तो म्हणाला, पोहता येतं ना, मग बस. चौथ्या दिवशी मी उलटलेली होडी सरळ केली. एवढंच. त्या पोराचे आभार मानतो आणि पुढं जातो, कारण मला माझी कहाणी सांगायची नाही, हिशेब सांगायचा आहे.

हिशेब असा. १६ एप्रिल १९२१ ला मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पुढं सेनापती बापट त्याचे पुढारी झाले, तुरुंगात गेले. पन्नासावर गावांच्या जमिनी जाणार होत्या. १९२४ पर्यंत लढा मोडला. पैशाची भरपाई आली तेव्हा तिच्यावर सावकारांनी आधीच डोळा ठेवला होता. आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांची तर गोष्टच सोडा. भरपाई कागदावरच्या मालकाला मिळते. गावकुसाबाहेरच्या झोपडीला कागद नसतो, म्हणून ती बुडाली तरी बुडाल्याची नोंद होत नाही. या देशात धरण बांधताना हा नियम कधी बदलला असेल तर मला दाखवा.

ही वीज कशासाठी होती? १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ साली भिवपुरीचं, १९२७ साली भिऱ्याचं. मुंबईच्या कापडगिरण्या त्या विजेवर फिरल्या. आपले पणजे-आजे कोकणातून बोटीनं मुंबईला गेले ते त्याच गिरण्यांत. पण कुठल्या खात्यात? कातखात्यात, थ्रॉसलमध्ये, बिगारीत. मागाच्या खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं बंदी. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, धाग्याला थुंकी लागे, आणि आपली थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावणार नाही. कामगारांची एकजूट, जगातल्या कामगारांनो एक व्हा, सगळं खरं, पण धोट्यावर येऊन अडलं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला आणि मागाचं खातं उघडायची मागणी घालायला लावली.

आता पाहा. सह्याद्रीवरून पाचशे मीटर खाली पडणारं पाणी त्या गिरणीला चालत होतं. आपल्या ओठावरचं थेंबभर पाणी चालत नव्हतं. 'पाण्याला जात नसते' म्हणणाऱ्यांनी हे एकदा लिहून खिशात ठेवावं.

आणि भिऱ्याचं चक्र फिरलं ते १९२७ साल कुठलं? तेच साल. तोच कुलाबा जिल्हा, ज्याला १९८१ पासून रायगड म्हणतात. २० मार्च १९२७. महाडचं चवदार तळं. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, भांडवलाला घाट फोडून नदीची नदी वळवून आणायची मुभा, आणि माणसाला गावातल्या तळ्याची ओंजळ घेतली म्हणून काठ्या. दोन्ही घटना इतिहासात आहेत, पण वेगवेगळ्या पुस्तकांत. एक उद्योगाच्या पुस्तकात, एक आपल्या पुस्तकात. दोन्ही पानं एकत्र शिवायचं काम कुणी करायचं? आपणच.

महाडची अजून एक गोष्ट आपण भाषणात पटकन उरकतो. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात झाला. महाडच्या नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये तळं खुलं केलं. कागदावर हक्क होता. मग सनातन्यांनी काय केलं? १०८ घागरी शेणमुताच्या ओतल्या हे आपण सांगतो. पण खरी अक्कल त्यांनी पुढं दाखवली. डिसेंबर १९२७ मध्ये ते कोर्टात गेले आणि म्हणाले, तळं सार्वजनिक नाहीच, ती आमची खाजगी मालकी आहे. धर्म पुरेना तेव्हा मालकी काढली. तो दावा हायकोर्टात निकालात निघायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं. तळ्याला दार नव्हतं, कुलूप नव्हतं. कुलूप दाव्याच्या कागदाला होतं.

आज कुंडलिकेवर कुणी आपल्याला जात म्हणून अडवत नाही. पाटी लावलेली नाही. पण पाणी कधी सुटणार हे कुणाला आधी कळतं? किनाऱ्यावर उतरायची जागा कुणाच्या कुंपणात गेली? होडीचा धंदा कुणाच्या नावावर आहे? नोंदणी कुणाची आहे? २०२१ साली राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण काढलं, नोंदणी सक्तीची केली, सुरक्षेचे नियम केले. ते हवेच होते. बुडून मरण्यात काही क्रांती नाही. पण नोंदणीला जागा लागते, भांडवल लागतं, प्रशिक्षणाचा दाखला लागतो. ज्याच्याकडं नदीकाठची जमीन, त्याच्याकडं नदी. खोती गेली म्हणता? चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षं संप केला, बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती मोडायचं बिल आणलं. जमिनीवरची खोती कायद्यानं गेली. पाण्यावर ती नव्या कपड्यात उभी आहे.

आता माझ्या हसणाऱ्या मित्रांकडं वळतो. त्यांचं म्हणणं असं, की आधी भाकरी, आधी नळ, आधी न्याय, खेळ नंतर. हे बोलणं ऐकायला कडक वाटतं. मला ते शरण गेल्यासारखं वाटतं. डिसेंबर १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी काय सांगितलं ते आठवा. हे पाणी प्यायलो म्हणून आपण अमर होणार नाही, आणि आजवर ते न पिता आपण मेलेलो नाही, अशा अर्थाचं ते बोलले. तहानेचाच प्रश्न असता तर वस्तीसाठी वेगळी विहीर खणून सवर्णांनी तो केव्हाच मिटवला असता. अजूनही ते तेच करतात: हा घ्या तुमचा वेगळा नळ, आता गप्प बसा. महाडला आपण गेलो ते आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला. मग मला सांगा, माणूस फक्त तहान लागली म्हणूनच पाण्याशी जातो का? पोरं पाण्यात डुंबतात, उड्या मारतात, एकमेकांवर पाणी उडवतात. तेही माणसाचंच. आपल्या वाट्याला पाणी आलं ते हंड्याच्या वजनाचं, रांगेचं, टँकरचं. ओंजळीत वरून ओतलेलं. पाण्याशी मजेनं वागायचा हक्क आपण मागितलाच नाही, कारण तो आपला आहे असं आपल्याला वाटलंच नाही. जो आपल्याला वाटू दिला नाही तोच हक्क पहिला ताब्यात घ्या.

गावात पोरं पोहायला कुठं शिकतात? विहिरीत, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून. ज्या विहिरीवर आपल्या बायांना पोहरा टाकू दिला नाही त्या विहिरीत आपल्या पोरांना उडी मारू देतील? म्हणून आपल्यात पिढ्यान् पिढ्या कितीकांना पोहता आलं नाही. पुढं 'या लोकांना पाण्याची भीती वाटते' असं म्हणायला तेच मोकळे. पायाला दोरी बांधायची आणि वर म्हणायचं, याला धावता येत नाही. आणि आपल्या मुलींचं तर विचारूच नका. किती कार्यकर्त्यांच्या बहिणींना पोहता येतं? हात वर करा.

हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. २७ जुलै १९१९ ला अमेरिकेत शिकागोला युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा दोस्तांबरोबर मिशिगन तलावात घरी बांधलेल्या तराफ्यावर खेळत होता. काळ्यांचा किनारा वेगळा, गोऱ्यांचा वेगळा. पाण्यात रेघ नव्हती, पण त्यांच्या डोक्यात होती. तराफा वाहत रेघेपलीकडं गेला. किनाऱ्यावरून एका गोऱ्यानं दगड मारले आणि तो पोरगा बुडून मेला. पोलिसानं दगड मारणाऱ्याला धरलं नाही. दंगल पेटली, ३८ माणसं मेली, त्यातली २३ काळी. तो पोरगा पाणी प्यायला गेला नव्हता, सत्याग्रहालाही गेला नव्हता. उन्हाळ्याच्या दिवशी खेळायला गेला होता. आपल्यातल्या कुणी त्याला सांगावं काय, की बाबा रे, आधी भाकरी, खेळ नंतर?

त्याच देशात जॉर्जिया राज्यात कोलंबस नावाचं गिरण्यांचं गाव आहे. चॅटाहूची नदीवर गिरण्यांसाठी धरणं बांधलेली. दक्षिणेतल्या त्या कापडगिरण्यांत काळ्या माणसाला चात्यावर, मागावर काम नव्हतं; झाडायचं, गासड्या ओढायच्या. १९६४ चा नागरी हक्क कायदा आल्यावर दारं उघडली. आपल्या धोट्याचाच तो भाऊ. गिरण्या बंद पडल्या. २०१२ साली ईगल अँड फिनिक्स गिरणीचं धरण फोडलं, पाठोपाठ दुसरं फोडलं, आणि शंभराहून जास्त वर्षं बुडालेले खडक वर आले. २०१३ पासून भर शहरातून, गिरण्यांच्या भिंतींना लागून, त्या धारेत कयाक चालतात. नदी पुन्हा जिवंत झाली म्हणून त्यांना आनंद आहे, आणि आनंदाची गोष्ट आहेच. पण तिथंही पाणी किती धावणार ते वरच्या वीजधरणावर ठरतं. नदी सुधारते, धार मोकळी होते, तरी चावीचा प्रश्न उरतोच.

नदी सुधारली म्हणतात तेव्हा कुठली नदी, कुणासाठी, हे विचारायला शिका. रावळज्यापासून कोलाडपर्यंतची कुंडलिका स्वच्छ आहे. तिथं पाहुणे येतात. रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत लागली की तीच नदी कारखान्यांची मोरी होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, आणि त्यात कुंडलिका आहे. वर जीवरक्षक जाकीट घालून लोक पाणी गिळतात आणि हसतात. खाली खाडीतला कोळी जाळं वर ओढतो आणि वास घेऊन बघतो, मासा विकता येईल का. रसायनाच्या कारखान्यात ठेकेदारीवर पिंपं धुणारा पोरगा पुन्हा आपल्याच वस्तीतला. एकाच नदीला दोन वर्ण. वरचा पाणवठा आणि खालचा पाणवठा. गावात ही व्यवस्था कोण कुणासाठी करत होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. खालच्या पाणवठ्यावर आपण.

घाटापलीकडं बघा. ज्या मुळेचं पाणी इकडं आणलं ती मुळा पुण्यात मुठेला मिळते तेव्हा तिच्यात नदी कमी आणि सांडपाणी जास्त. टाटांच्या घाटमाथ्यावरच्या सगळ्या तलावांतून मिळून एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत २१२ टीएमसीपेक्षा जास्त पाणी पश्चिमेला वळवायचं नाही, असं बच्छावत लवादानं ठरवून दिलं. म्हणजे वळवायला परवानगी किती मोठी ते बघा. मार्च २०२२ मध्ये पुण्यात नदीकाठ सुधार योजनेचं भूमिपूजन झालं. काठ सुधारतील, दिवे लागतील, बाकडी येतील, उद्या तिथंही होड्या येतील. पण काठावरच्या वस्त्या कुठं जातील, आणि नदीत पाणी कुठून येईल? हे दोन प्रश्न ज्या योजनेत पहिल्या पानावर नाहीत ती योजना नदीची नाही, जागेची आहे.

आणि घरचं बघा. आमच्याच पेण तालुक्यात हेटवण्याचं धरण आहे. त्याचं पाणी नव्या मुंबईला जातं. पेणच्या खारेपाटातल्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

बाबासाहेबांना नदीचं राजकारण कळत होतं. १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात ते श्रमखातं सांभाळत होते तेव्हा दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या टेबलावर होती. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग झाला तो त्यांच्याच खात्यातून. 'नौकानयन' शब्द वाचा. देशातल्या नद्यांत होड्या कशा चालाव्यात याचा विचार ज्या माणसाच्या टेबलावर होता त्याच्या पोरांनी होडी म्हटल्यावर हसावं?

आता शेवटचं. गागोदं म्हटलं की लोक लगेच विचारतात, विनोबांचं गाव ना? होय. ११ सप्टेंबर १८९५ ला ते इथं जन्मले. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणात पोचमपल्लीच्या दलितांनी त्यांच्याकडं ८० एकर जमीन मागितली आणि एका जमीनदारानं १०० एकर दिली. त्यातून भूदान निघालं. नीट लक्षात घ्या, सुरुवात दलितांच्या मागणीनं झाली आणि नाव मात्र दात्याचं झालं. मागणारा विसरला गेला, देणारा संत ठरला. त्यांच्या चांगुलपणाबद्दल मी इथं वाद घालत नाही. दान या रीतीबद्दल घालतो. दानात देणाऱ्याचा हात वर राहतो, आणि वरून ओतलेल्या पाण्याची चव मला माहीत आहे. म्हणून त्याच गावचा मी सांगतो, कुंडलिकेवर आपल्याला जलदान नको. कुणा होडीवाल्यानं १४ एप्रिलला वस्तीतल्या पोरांना एक फुकट चक्कर मारून आणावी आणि फोटो काढावेत, हेही नको.

मागण्या साध्या आहेत. पाणी कधी आणि किती सुटणार याचा तक्ता नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत, बौद्धवाडीत आणि आदिवासीवाडीत मराठीत लागला पाहिजे. पात्रात मासे धरणाऱ्या कातकऱ्याचा जीव पाहुण्याच्या जिवाएवढाच मोलाचा आहे. नदीवर उतरायच्या वाटा सार्वजनिक म्हणून नोंदल्या पाहिजेत, कुंपणं मागं हटली पाहिजेत. धंद्याच्या नोंदणीला अट घाला, की काठच्या वाड्यांतल्या पोरापोरींना वल्ह्याचं आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण, दाखला आणि विमा मिळालाच पाहिजे. खांद्यापुरती भरती बंद. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोहणं शिकवा, मुलींना आधी शिकवा. होड्यांच्या पैशातला वाटा काठावरच्या वाड्यांच्या नळाला जाऊ द्या, आणि तो नळ सगळ्या गावाचा एकच असू द्या. रोह्याखालची नदी कोलाडवरच्या नदीएवढी स्वच्छ होईपर्यंत कुंडलिका सुधारली असं कुणी म्हणू नये, आणि म्हटलं तर आपण तिथं उभं राहून खोडून काढावं.

यातलं एकही काम अत्याचाराच्या केसच्या आड येत नाही. केसचा पाठपुरावा करणारा कार्यकर्ता पोहायला शिकला म्हणून त्याची वकिली कमी होत नाही. उलट सांगतो, ज्या पोराला उलटलेली होडी धारेत सरळ करता येते त्याला तालुक्याच्या साहेबापुढं पाय कापत नाहीत.

दरवर्षी २० मार्चला आपण ट्रक-टेम्पो भरून मुंबई-गोवा रस्त्यानं महाडला जातो. निळे झेंडे, घोषणा, गाणी. कोलाडला ती गाडी कुंडलिकेच्या पुलावरून जाते. खाली बघायची आपल्याला सवय नाही. या वर्षी गाडी पुलाअलीकडं थांबवा. पंधरा-वीस जणांनी नदीत उतरा, पाण्याला हात लावा, काठच्या वाडीत जाऊन विचारा, पाणी कधी सुटतं, कुणाला कळतं, नळ आहे का, होडीवर कोण आहे, खांद्याला कोण आहे. उत्तरं वहीत लिहून घ्या आणि मग महाडला जा. तिथं भाषणाला उभे राहाल तेव्हा ९० वर्षांपूर्वीच्या निकालाबरोबर त्या वहीतलंही वाचून दाखवा.

होडी उचलायला मी येतो. पण या खेपेला वल्हंही धरणार.

जयभीम.